गावाचं नाव आधी

सोमवार, १६ मार्च १९८१

लागली! लागली! लागली!

एसटी स्टँडवर नोकरी लागली. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या! मुलाखतीत साहेबांनी माईक पुढ्यात सरकवला नि म्हणाले, वाचा काहीतरी. हातात वाचायला काहीच नव्हतं. मग भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' मी इतकं भावनेनं वाचलं, इतकं भावनेनं, की बाहेर बाकावरच्या एका माणसानं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा म्हणे गिळून टाकला. साहेब हसले आणि तिथंच मला कळलं, झालं काम.

बाबांनी सायकल काढली आणि सक्करदऱ्याच्या चौकातून जिलेबी आणली. माय मात्र अजून कोड्यात – "नुसतं बोलाचा पगार देतेत? मंग तू तर जन्मापासून कामावरच हाय." कॉलेजात वक्तृत्वाचे कप मिळवले तेव्हाही हिनं एकात जिरं भरलं, एकात मोहरी. पुढच्या वेळी म्हणाली होती, अजून एक आन वं, धने ठेवाले जागा नाही.

हंसराजला कधी सांगते असं झालंय. फेब्रुवारीत आमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाल्यापासून तो खापरखेड्याला आणि मी इथं. पॉवर हाऊसची पाळी सांभाळून तो रविवारी येतो. रविवार फार लांब असतो!

बुधवार, १ एप्रिल

पहिला दिवस. तारीखही काय मिळाली!

काटोलची गाडी लागली होती. मी घसा साफ केला आणि सुरू केलं – "प्रवासी बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांचे सहर्ष स्वागत! आपणांस नम्रपणे सूचित करण्यात येते की, अल्पावधीतच फलाट क्रमांक चारवरून प्रस्थान ठेवणारी..." आवाज काय लागला होता! माझा मलाच काटा आला. काटोलपर्यंत पोचले तेव्हा गाडी फाटकापर्यंत पोचली होती. बाकावर काटोलची माणसं गाठोडी मांडीवर घेऊन माझं भाषण ऐकत बसलेली. एक म्हातारी तर मान डोलवत होती.

गणपतराव म्हणजे आमचे गाड्या सोडणारे. शिट्टी तोंडात धरून ते गाडीमागे धावले. गाडी थांबली, माणसं चढली. परत आले तेव्हा घामानं भिजलेले, पण रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, आवाज मस्त हाय तुमचा. पण काटोलवाला काटोलसाठी बसला हाय. गावाचं नाव आधी घ्या. दोनदा घ्या. मंग फलाट सांगा. मंग चूप राहा."

चूप राहा! मला! वाटलं, आणून दाखवावेत यांना माझे कप. मग आठवलं की त्यात जिरं आहे.

शुक्रवार, ३ एप्रिल

"काटोल! काटोल! फलाट चार." – आणि अख्खा बाक उभा! एका शब्दात! झोपलेला माणूसही उठतो, बाकीचं काही ऐकत नाही पण आपलं गाव झोपेतही ऐकतो. उमरेड म्हटलं की उमरेड उठतं, सावनेर म्हटलं की सावनेर उठतं. मी दिवसभर गावं उठवत होते. इतकी मजा कप घेतानाही आली नव्हती. घरी येऊन "माय! माय! भूक! फलाट एक." म्हटलं तर लाटणं घेऊन उठली.

रविवार, ५ एप्रिल

आज खापरखेड्याहून सगळे आले. हंसराज, त्याचे बाबा मधुकरराव आणि आई यमुताई. लग्न १० मेला पक्कं. आपल्या वस्तीतल्या मैदानावर.

मधुकरराव म्हणजे लग्नातले ठरलेले वक्ते. आपल्या लोकांचं लग्न म्हटलं की वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या, हार पडले, की भाषणं आलीच. आणि या बाजूला मधुकरराव बोलल्याशिवाय लग्न लागल्यासारखं कोणाला वाटत नाही. आमच्या बैठकीतही ते चिवड्याची बशी हातात घेऊन स्त्रीशिक्षणावर बोलले. सुंदर बोलले. माझ्या नोकरीचा विषय निघाला नि त्यांची बशी खाली गेली.

यमुताई म्हणाल्या, "सून भोंग्यावर वरडन? अख्ख्या स्टँडले आयकू येईन? लोक काय म्हनतीन?"

मी मधुकररावांकडे पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील! ते म्हणाले, "घरातलं हिच्याकडे हाय. मी बाहेरचं पाहतो." आणि चिवडा परत सुरू.

ठरलं असं की लग्नाआधी मी नोकरी सोडायची. म्हणजे त्यांनी ठरवलं. बाबा म्हणाले, पाहू. हंसराज फाटकाशी मला म्हणाला, "मी बोलतो बाबांशी." हा बोलणार! याला कंडक्टरकडे सुट्टे मागताना घाम फुटतो. पण डोळे इतके चांगले आहेत याचे की रागावताही येत नाही नीट.

सोमवार, ६ एप्रिल

रडले नाही. थोडी रडले. रामटेक दोनदा चुकीच्या फलाटावर पाठवलं.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती! वस्ती कशी नटली आहे! पताका, निळे झेंडे, सकाळपासून गाणी. संध्याकाळी सभेला पाहुणे वक्ते – मधुकरराव. बरोबर यमुताई. बायकांच्या गर्दीत नेमक्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, त्यामुळे मी पदर सारखा करत ताठ.

मधुकरराव रंगात आले. "आमच्या लेकी, आमच्या सुना उंबरठा ओलांडतील, आणि जग त्यांचा आवाज ऐकेल!" मी ऐकतच राहिले. हे, हेच ते वाक्य! हे ज्या माणसाच्या तोंडचं, त्याच्याच घरात मी तोंड मिटून जायचं?

तेवढ्यात शेजारून हळूच आवाज – "दरसाली हेच बोलते हा मानूस. आता थांबन. पानी पेईन. मंग टाळी पडन, पाह्य."

ते थांबले. पाणी प्यायले. टाळ्या!

मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. यमुताईंकडे चोरून पाहिलं तर त्या समोरच बघत होत्या, चेहरा दगडासारखा. फक्त गालाचा एक कोपरा हलत होता. मला त्या जरा आवडल्या. काय करू, आवडल्या! पण नोकरी सोड म्हणतातच.

बुधवार, १५ एप्रिल

सुचलं! खिडकीत बसल्या बसल्या सुचलं आणि मौद्याच्या गाडीला एकदम गाऊनच पुकारलं.

मी माझ्या लग्नात बोलणार! सगळ्यांची भाषणं होतात, नवरीनं कधी कुठे बोललेलं मी पाहिलेलं नाही. ती आपली हारात मान घालून बसते. मी उठणार, माईक घेणार, आणि मधुकररावांचं वाक्य मधुकररावांना परत देणार. पाचशे माणसांपुढे! मग कसे नाही म्हणतात पाहू. स्वतःच्या वाक्याला कोण नाही म्हणेल?

बाबांना सांगितलं. ते विडी विझेपर्यंत विचार करत राहिले. मग म्हणाले, "बोल. लगन तुहं हाय, त्या मंडपवाल्याचं नाही." हंसराजला रविवारी सांगते. तो घाबरेल. पण पाठीशी राहील. त्याचं घाबरणं आणि पाठीशी राहणं एकदमच असतं.

मंगळवार, २१ एप्रिल

भाषण क्रमांक एक तयार. शुद्ध, भारदस्त, कॉलेजात पहिलं आलं असतं असं. माय तांदूळ निवडत होती, तिला म्हटलं ऐक. "युगानुयुगे मौनाच्या शृंखलांत जखडलेल्या स्त्रीच्या कंठातून आज..." शेवटपर्यंत ऐकलं तिनं. एक खडा काढला. म्हणाली, "चांगलं हाय वं. कोनाबद्दल हाय?"

बरं. म्हटलं, आपल्या बोलीत बोलावं, लोकांना आपलं वाटेल. भाषण क्रमांक दोन घेऊन नळावर गेले. बायका पाण्याच्या नंबरात उभ्या. मी सुरू केलं, "बाप्पा, काय सांगू तुमाले, बायामानसाईचं जिनं म्हंजे..." घरी मी असंच बोलते की! पण भाषणाच्या आवाजात ते कसंतरीच निघालं, तमाशातल्या मावशीसारखं. समोरच्या शोभाताईंनी घागर खाली ठेवली. "आमची नक्कल करून राहिली का वं?"

दोन्ही गेली! शुद्ध बोलले तर कोणाबद्दल कळत नाही, आपलं बोलले तर चेष्टा वाटते. मग बोलायचं तरी कशात?

गणपतरावांना विचारलं. ते शिट्टी पुसत होते. म्हणाले, "मले भाषनातलं काही समजत नाही, बाई. कोनाले उठवाचं हाय, ते ठरलं का?" ठरलंय की! मधुकररावांना. मग भाषण क्रमांक तीन – त्यात मधुकररावांची सगळी गाजलेली वाक्यं ओळीनं. उंबरठा, आवाज, जग. हा बाण वाया जाणार नाही.

शनिवार, २ मे

आज काय झालं! दुपारी मान खाली घालून वेळापत्रकाचा घोळ निस्तरत होते. खिडकीवर टकटक. "खापरखेड्याची गाडी कधी हाय, बाई?"

हंसराज! नवा शर्ट, केसाला तेल, हातात संत्र्याची बर्फी. म्हणे इकडे काम होतं. स्टँडवर कसलं काम! लग्नाला आठवडा राहिला तरी जीव राहत नाही याचा. (माझा तरी कुठं राहतो.)

मी माईक ओढला. "खापरखेडा! खापरखेडा! खापरखेडा! खापरखेडा!" पाच-सहा माणसं गाठोडी घेऊन धावली. गाडी नव्हतीच. गणपतराव खिडकीत डोकावले, हंसराजकडे पाहिलं, बर्फीकडे पाहिलं, एक तुकडा उचलला आणि निघून गेले.

जाताना हंसराज म्हणाला, आईचा निरोप आहे – नोकरीचं आटोपलं का, विचारते. मी म्हटलं, सांग की अजून सुट्टीच घेतली आहे, लग्नानंतरच्या बुधवारपर्यंतची. तो म्हणाला, बरं, आणि तरी उभाच राहिला. "हे तू सोडू नको," म्हणाला. "तू गाव पुकारतेस तेव्हा खापरखेडा कुठलं तरी मोठं गाव वाटते."

आता याच्यासाठी काय बोलू नये माणसानं!

शनिवार, ९ मे

हळद लागली. अख्खी पिवळी. भाषण पाठ आहे. उद्या!

सोमवार, ११ मे, खापरखेडा

लग्न झालं. मी बोलले. काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर मलाच पटणार नाही.

मांडवात तापलेल्या तव्यावर बसल्यासारखं ऊन. वंदना झाली, आम्ही प्रतिज्ञा घेतल्या. हंसराजचा आवाज चिरकला, माझा नाही. फुलं पडली. मग भाषणं. जो उठला तो 'संसाररथाची दोन चाकं'. एक झाले, दुसरे झाले, तिसऱ्यांचीही दोन चाकं. हंसराज कानाशी म्हणाला, "आता बैल आनले तर बाजार भरन." मी हारात तोंड लपवून हसले. मागं जेवणाकडे कढई निवत होती, पोरं रडत होती. मधुकररावांच्या आधीचा नंबर माझा, बाबांनी तसा लावून घेतला होता. "नवरी दोन शब्द बोलेल!" मांडवात एकदम गुणगुण.

उठले. पांढरी साडी, हार, हळदीचे हात, हातात माईक. समोर पहिल्या रांगेत मधुकरराव. मी नेम धरला आणि सोडलं – "आमच्या लेकी, आमच्या सुना उंबरठा ओलांडतील, आणि जग त्यांचा आवाज ऐकेल!"

आणि मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या! सगळ्यात आधी त्यांनीच! चेहरा असा फुलला, शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "माहं वाक्य हाय!" मागोमाग अख्खा मांडव. टाळ्या, टाळ्या. मी तिथं उभी आणि माझ्या पायाखालची सतरंजीच गेली. अगं, यांना पटवायचं काय होतं? यांना तर पटलेलंच आहे! दरसाली पटतं! पटतं, पाणी पितात, टाळी घेतात आणि घरी जातात. घरातलं हिच्याकडे हाय – हे तर ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, मी ऐकलंच नव्हतं.

ती कुठं आहे? शोधलं. मांडवाच्या पार टोकाला, बुंदीच्या टोपल्याशी यमुताई उभ्या. हातात झारा. नजर भलतीकडेच, पाहुणे किती नि बुंदी किती याचा हिशेब करणारी. भाषण चाललं होतं आणि त्यांना ते आपल्यासाठी आहे असं वाटतच नव्हतं. का वाटावं? आजवर कुठलं होतं?

पुढचं पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून रोजचंच निघालं.

"आई! आई! खापरखेडा!"

मांडव फुटला हसून. मागून कोणीतरी ओरडलं, "फलाट कोनता?" पण यमुताईंनी मान वर केली. गाव उठलं! मी माझ्या मायला माय म्हणते. आई मी जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं, पहिल्यांदा म्हटलं ते भोंग्यावर.

"आई, माझी सुट्टी बुधवारपर्यंत आहे. गुरुवारी सकाळी माझी ड्यूटी आहे. मी वरडत नाही जी भोंग्यावर. लोकांना त्यांचं गाव सांगते, मग ते घरी जातात. मले हे काम लई आवडते. मी जाऊ का?"

बस. एवढंच. शुद्ध होतं का आपलं होतं, मला आता आठवतही नाही. तेव्हा मला फक्त त्या दिसत होत्या.

भोंग्यातून नुसती घरघर. पाचशे माणसं माना वळवून यमुताईंकडे बघत होती. त्यांनी झारा टोपल्यात टेकवला. पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि माईकबिईक काही नसताना मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बुंदी हाय, पुरी हाय. सारं थंडं होऊन राहिलं. जेवा आता सारे!"

आणि उठले हो सगळे! एका वाक्यात अख्खा मांडव उभा. कोणाला आवरेना. मधुकरराव घसा खाकरून पुढे आले होते, त्यांचा घसा तसाच राहिला. पंगत बसली. या लग्नात मधुकररावांचं भाषण झालंच नाही!

आणि मला उत्तर मिळालं नाही.

बुधवार, १३ मे

अजून नाही. आई मीठ कुठं, पीठ कुठं, कोळसा कुठं ते दाखवतात. गुरुवारचं नाव नाही. मी विचारावं तर पाचशे माणसांपुढे विचारून बसलेय, आता आणखी कसं विचारू? रागावल्यात का? सगळ्यांपुढे त्यांना कोंडीत पकडलं असं वाटलं असेल? तसं करायचं नव्हतं मला. शपथ. खरंच परवानगी मागत होते.

मामंजी बेचैन आहेत. न झालेलं भाषण पोटात घेऊन क्वार्टरभर फिरतात. दूधवाल्याला सांगितलं, "पहिलं लगन हाय ज्यात मी बोललो नाही." शेवटी दुपारी चहाच्या वेळी उभे राहून सबंध भाषण आम्हांला केलं. उंबरठा आला. थांबले. पाणी प्यायले. आईंनी कप ठेवला आणि दोनदा टाळी वाजवली, चेहरा दगडासारखा. मी ठसका लागून अंगणात पळाले.

हंसराज म्हणतो, "आईनं 'नाही' तर म्हटलं नाही ना." हो, पण 'हो' तरी कुठं म्हटलं! उद्याच्या पहिल्या गाडीसाठी साडी काढून ठेवली आहे. नेसायची की परत ठेवायची, माहीत नाही. ही नोकरी गेली तर मी काय करेन, ते लिहवत नाही.

गुरुवार, १४ मे

पहाटे साडी नेसून दारात उभी राहिले. आई आधीच तयार, पायात चप्पल. माझ्याबरोबर गाडीत बसल्या. दुपारपर्यंत खिडकीसमोरच्या बाकावर बसून होत्या – काटोल उठलं, उमरेड उठलं, सावनेर उठलं, त्या बघत राहिल्या. मग खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "उद्यापासून एकटी येजो, मले रोज जमनार नाही." मी जोरजोरात मान हलवली. त्या गेल्या नाहीत. इकडं तिकडं पाहिलं आणि खिडकीत वाकल्या.

"पौर्णिमेच्या सभेत मी बोलनार हाय. आमच्या मानसाले अजून सांगतलं नाही. लिहून नको देऊ वं, बोलाचं काय ते मले माहीत हाय. माईक तोंडापासून किती दूर धराचा, तेवढं सांग."